‘निवांत करा’ हाच मेसेज नडतोय

दुरुस्तीला दिलेली वस्तू परत मिळत नाही असे मेसेज मला सतत येतात, कुणाची पेटी, कुणाचं आजोबांचं घड्याळ. यावेळी नाशिकच्या एका वाचकांची गळाची काठी आहे, आजोबांची, जुनी, हार्डी या इंग्लिश कंपनीची, बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली. वडिलांना पंचाहत्तरीला नीट करून भेट द्यायची म्हणून ठाण्यातल्या एका कारागिराकडे दिली, 4,000 अ‍ॅडव्हान्स जीपे केला, त्याला 14 महिने झाले आणि पंचाहत्तरी होऊनही गेली. आता तो म्हणतो पट्ट्या सुटल्यात, अजून 7,000 टाका मगच काठी मिळेल. वाचक विचारतात, पोलिसात जाऊ का, आणि वारसाचा दाखला लागेल का?

दाखला नको, काठी तुम्ही दिलीत म्हणजे परत मागणारे तुम्हीच. (काका-आत्यांच्या कानावर मात्र घाला, आजोबांच्या वस्तूत त्यांचाही वाटा असू शकतो.) पोलीस बहुतेक दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवतील.

खरी अडचण तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये आहे. पावती नाही, देतानाचे फोटो नाहीत, आणि तुमचा पहिलाच मेसेज, ‘घाई नाही, निवांत करा’. अहो, आजोबांची एकुलती एक आठवण दिलीत आणि एक तारीख लिहून घेतली नाहीत? 1872 च्या करार कायद्याचं कलम 161 सांगतं की दुरुस्तीला घेतलेली वस्तू ठेवणाऱ्याच्या चुकीने योग्य वेळेत परत आली नाही तर तिथून पुढे ती तुटली, हरवली, वाळवी लागली, सगळं त्याच्या अंगावर. पण तुम्हीच निवांत म्हणालात तर योग्य वेळ संपली कधी? त्याचा वकील पहिलं हेच विचारणार.

म्हणून तारीख आता तुम्ही तयार करा. याच आठवड्यात स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, की अमुक तारखेच्या आत, 15 दिवस पुरे, काठी आहे त्या स्थितीत परत द्या आणि केलेल्या कामाचा हिशोब द्या. ‘प्लीज बघा ना’ वगैरे नको, स्पष्ट मागणी हवी. ती तारीख उलटली की 161 चा मुद्दा पक्का होतो, आणि ठेवायला दिलेली वस्तू परत मिळवायच्या दाव्याची 3 वर्षांची मुदतही मागणीनंतर त्याने नकार दिला त्या दिवसापासून मोजतात. ग्राहक आयोगाची मुदत मात्र फक्त 2 वर्षं आहे आणि ती कधी सुरू झाली यावर तो भांडणार, म्हणजे यातले 14 महिने गेलेच असं धरून चाला.

7,000 चं म्हणाल तर कलम 170 प्रमाणे कारागीर वस्तू अडवू शकतो, पण झालेल्या कामाच्या मजुरीपुरतीच, पुढच्या कामाच्या अ‍ॅडव्हान्ससाठी नाही. त्याने खरंच दोरा ओवायच्या रिंगा नव्याने बांधल्या असतील, वार्निश केलं असेल, तर थोडंफार देणं निघेलही, ते हिशोब बघितल्याशिवाय सांगता येत नाही. रक्कम छोटी असेल तर लेखी हरकत नोंदवून देऊन टाका आणि काठी घरी आणा.

कारण आयोगात तक्रार नाशिकमधूनच करता येते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पण निकालासाठी कायद्यात लिहिलेले 3 महिने मी तरी क्वचितच बघितलेत, तारखांवर तारखा पडून वर्षं जातात आणि तुमचे वडील पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत, याचा मला खरंच राग येतो. तोवर चॅट डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या, पुढे चॅट पुरावा म्हणून देताना सर्टिफिकेट लागतं.

मुदत संपेल त्या दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन स्वतः ठाण्याला जा. काठी दिलीच तर तिथेच पिशवीतून काढून प्रत्येक तुकडा, टोक, रिंगा यांचे फोटो काढा आणि मगच त्याच्या वहीत सही करा.