वाचकांचे प्रश्न : ‘समाधान घटलं का’ हे एका फॉर्ममध्ये कळतं का?

प्रश्न : नमस्कार सर, मी एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, स्पेशलायझेशन एचआर. प्रोजेक्टचा विषय ‘ऑफिसला परत बोलावल्यामुळे कर्मचाऱ्यांचं समाधान घटलं का’. एका कंपनीने परवानगी दिलीय, ६०० माणसं आहेत. त्यातली ३०० जण दोन महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला येतायत, १२० जणांची दोन डिपार्टमेंट्स पुढच्या महिन्यात येणारेत आणि उरलेल्या १८० जणांचं अजून काहीच ठरलेलं नाही. गाइड म्हणतात क्रॉस सेक्शनल कर, एकदा फॉर्म पाठव आणि मोकळी हो. मैत्रीण म्हणते लॉन्गिट्युडिनलशिवाय अर्थ नाही. हातात चार महिने आहेत. काय करू? आणि सॅम्पल साइज किती घेऊ?

उत्तर : गाइड आणि मैत्रीण, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, भांडण लावलंय ते तुमच्या विषयातल्या एका शब्दाने, ‘घटलं’. घटलं म्हणजे आधी काहीतरी होतं आणि आता त्यापेक्षा कमी आहे. क्रॉस सेक्शनल सर्व्हे म्हणजे एकाच वेळी काढलेला फोटो, त्यात माणूस आज किती खूश आहे ते दिसतं, कालच्यापेक्षा बारीक झालाय की जाड ते दिसत नाही. विषय ‘परत आलेल्यांना आज काय वाटतं’ असा असता तर गाइडचं ऐका आणि झोपा असंच मी म्हटलं असतं.

मग बरेच जण पळवाट काढतात, फॉर्ममध्येच विचारून टाकायचं, ‘घरून काम करत होतात तेव्हा किती समाधानी होतात?’ हे करू नका. म्हणजे अगदीच नाइलाज असेल तर करा, पण माणसाची आठवण आजच्या मूडने रंगलेली असते, आज सकाळी बॉसशी वाजलंय त्याला घरचे दिवस सोन्याचे वाटणारच. त्यामुळे त्या ३०० जणांची ‘आधीची’ अवस्था तुमच्या हातून गेलीय, ती आता परत मिळत नाही.

पण तुमच्या पत्रातच खजिना आहे आणि तुम्ही तो एका ओळीत सांगून पुढे गेलात! पुढच्या महिन्यात येणारे ते १२० जण. त्यांना बोलवायच्या आधी एकदा विचारा आणि येऊन सात-आठ आठवडे झाले की त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारा, याला पॅनल म्हणतात, मैत्रीण म्हणते ते लॉन्गिट्युडिनल हेच. आणि ज्यांचं काही ठरलेलं नाही त्या १८० जणांनाही त्याच दोन तारखांना विचारा. ते कशाला? कारण मधल्या काळात इन्क्रिमेंट लागेल, नाहीतर एखादा मोठा क्लायंट जाईल, आणि त्याचाही परिणाम समाधानावर होणार. समजा (आकडे माझ्या मनाचे) पाचपैकी सरासरी गुण बोलावलेल्यांचे ३.८ वरून ३.४ झाले आणि न बोलावलेल्यांचे ३.७ वरून ३.६ झाले, तर घट ०.४ धरायची नाही, सगळ्यांचीच झालेली ०.१ वजा करायची, ऑफिसच्या वाट्याला ०.३ येते. यात एक गृहीत आहे, की बोलावलं नसतं तर दोन्ही गट सारखेच हलले असते. म्हणून ही दोन डिपार्टमेंट्सच आधी का निवडली ते एचआरला विचारा आणि रिपोर्टमध्ये लिहा.

यापेक्षा पक्का पुरावा हवा असेल तर कोण येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर तसं केलंय, जन्मतारीख सम की विषम यावरून कोणाला दोन दिवस घरून काम मिळणार ते ठरलं, आणि २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं की घरून कामाची मुभा मिळालेल्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं. पण तिथे कंपनीच तयार होती, तुमच्यासाठी कोणी जन्मतारखा बघून माणसं बोलावणार नाही.

इथेच पॅनलची मोठी अडचण येते, जे वैतागून नोकरी सोडतील ते दुसऱ्या फेरीत नसतील. म्हणजे सगळ्यात नाराज माणसंच गळणार आणि तुमची सरासरी उलट छान दिसणार. त्यामुळे डिपार्टमेंटनुसार राजीनाम्यांचे आकडे एचआरकडून घ्या आणि दुसऱ्या फेरीत न आलेल्यांचे पहिल्या फेरीतले गुण किती होते ते आवर्जून तपासा.

दोन फेऱ्यांमधला तोच माणूस जुळवायचा तर नाव लागतं, आणि नाव विचारलं की कोणी खरं बोलत नाही. उपाय सोपा, त्यालाच एक कोड बनवायला सांगा, आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, पहिल्या शाळेचं पहिलं अक्षर, भावंडं किती. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद आहे ना ते आधी स्वतः भरून बघा, हे विसरणारे खूप भेटतात.

सॅम्पलचं थोडक्यात. ६०० साठी ९५ टक्के कॉन्फिडन्स आणि पाच टक्के एरर धरली (म्हणजे शंभरपैकी पंचाण्णव वेळा अंदाज खऱ्या आकड्याच्या फार तर पाच टक्के इकडेतिकडे) तर सॅम्पल साइजच्या टेबलमध्ये २३४ येतात, पण ते रँडम निवडलेल्यांनी सगळ्यांनी उत्तर दिलं तर. तुम्हाला १२० आणि १८० मिळून ३०० जणांनाच विचारायचंय, सगळ्यांनाच विचारा आणि ताकद रिमाइंडरवर खर्च करा. नुसत्या मोठ्या आकड्याने काही होत नाही, १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या मासिकाच्या पाहणीत वीस लाखांवर मतपत्रिका परत आल्या होत्या, त्यांनी सांगितलं लँडन जिंकणार आणि रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली.

आणि हो, पहिली फेरी माणसं यायला लागायच्या आधीच व्हायला हवी. गाइडची सही उद्याच घ्या.

प्रश्न : मी एचआरमध्येच आहे. साहेबांनी प्रश्न लिहून दिलाय, ‘ऑफिसला आल्याने टीमवर्क आणि शिकणं सुधारलं असं तुम्हाला वाटतं का?’ चालेल का?

उत्तर : साहेबांना दुखवायचं नसेल तर चालेल, काही कळायला हवं असेल तर नाही. एकाच प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि ‘सुधारलं’ हे उत्तर त्यातच घातलंय. टीमवर्क आणि शिकणं वेगळं करा, ‘सुधारलं, तसंच आहे, बिघडलं’ असे तिन्ही पर्याय द्या, आणि शक्य तिथे मत सोडून घडलेलं विचारा, गेल्या आठवड्यात किती दिवस आलात, त्यातला किती वेळ हेडफोन लावून व्हिडिओ कॉलवरच गेला. आणि पाच-सहा जणांच्या टीमचा निकाल वेगळा काढून साहेबांना देऊ नका, कोण काय म्हणालं ते त्यांना लगेच कळतं आणि पुढच्या वेळी तुमचा फॉर्म कोणी भरत नाही.