विद्यापीठाकडे केंब्रिज स्ट्रक्चरल डेटाबेसचा (सेंद्रिय आणि धातु-सेंद्रिय स्फटिकरचनांचा संग्रह) परवाना आहे, तरी होस्टेलवरून वेबसीएसडी (त्याच संग्रहाची ब्राउझरमधली आवृत्ती) लॉगिन का मागतं?

कारण परवाना तुमच्या नावावर नाही, विद्यापीठाच्या आयपी पत्त्यांवर आहे. व्हीपीएन (बाहेरून कॅम्पसच्या नेटवर्कशी जोडणारी सोय) लावूनही अडत असेल तर तो बहुधा अर्धाच चालतोय: कॅम्पसच्या सर्व्हरकडे जाणारं तेवढं त्यातून जातं, बाकी सगळं थेट होस्टेलच्या वायफायवरून. व्हीपीएन चालू ठेवून स्वतःचा आयपी दाखवणारी कुठलीही साइट उघडा. तिथे होस्टेलचाच पत्ता दिसला तर संगणक केंद्राला ‘व्हीपीएन चालत नाही’ असं कळवू नका, ‘आमच्याकडे चालतंय’ म्हणून तक्रार बंद होते. तो पत्ता जोडा आणि ‘सीसीडीसीच्या साइटकडे जाणारी वाहतूकही कॅम्पसमधूनच पाठवा’ असं लिहा (सीसीडीसी म्हणजे हा डेटाबेस चालवणारी संस्था).

माझं विचाराल तर वेबसीएसडीच्या नादी लागूच नका. ग्रंथालयाकडून किंवा विभागात परवाना सांभाळणाऱ्याकडून ग्राहक क्रमांक आणि ॲक्टिव्हेशन की घ्या, कॉनक्वेस्ट (शोधायला) आणि मर्क्युरी (रचना पाहायला) हे प्रोग्राम लॅपटॉपवरच टाका. डेटाबेसही सोबत उतरतो. कित्येक जीबीचा आहे, रात्री लावून झोपा.

‘सगळं फुकट मिळतं, परवाना हवाच कशाला?’ असं ऐकवणारे तुम्हालाही भेटतील. एकच रचना हवी असेल तर त्यांचं खरं आहे. पेपरमधला सीसीडीसी क्रमांक त्यांच्या ‘ॲक्सेस स्ट्रक्चर्स’ या मोफत पानावर टाका, सीआयएफ (रचनेची फाइल) घरबसल्या मिळते. पावडरच्या एक्स-रे पॅटर्नमधला फेज (कुठला स्फटिक आहे ते) ओळखायला सीओडी हा मोफत डेटाबेसही पुष्कळदा पुरतो. पण अमाइडमधल्या हायड्रोजन बंधांची सरासरी लांबी काढायची तर रेणूचा तुकडा रेखाटून तो असलेल्या सगळ्या रचना शोधाव्या लागतात, आणि तिथे कॉनक्वेस्टच सोयीचा. आर (रचना मोजमापांशी किती जुळते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) 0.05 पर्यंत, डिसऑर्डर (अणूंच्या जागा अनिश्चित असणं) नको, चुका नकोत, पावडरवरून काढलेल्या रचना नकोत, एवढे फिल्टर लावल्याशिवाय मिळालेला आकडा कुणाला दाखवू नका. शिवाय एक्स-रेला हायड्रोजन जड अणूला चिकटलेला दिसतो, सी-एच 0.95 अँगस्ट्रॉमच्या आसपास येतो, न्यूट्रॉनने मोजला तर 1.08 च्या आसपास. हायड्रोजनची जागा नॉर्मलाइझ न करता (म्हणजे न्यूट्रॉनच्या अंतरावर न सरकवता) एच⋯ओ अंतरांचे हिस्टोग्राम काढणाऱ्यांशी मी वाद घालणं आता सोडून दिलंय.

दोन गोष्टी राहिल्या. काही ठिकाणी परवाना कॅम्पसमधल्या सर्व्हरवर असतो, मग लॅपटॉपवरच्या कॉनक्वेस्टलाही व्हीपीएन लागतोच. आणि तुमचं काम ऑक्साइड, सिलिकेट असल्यांवर असेल तर हा सगळा खटाटोप चुकीच्या दारात आहे. त्यासाठी आयसीएसडी (अजैविक स्फटिकरचनांचा डेटाबेस) लागतो आणि त्याचा परवाना वेगळा.