रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० मोटरसायकलला कंफर्ट सीट बसवायची आहे. तयार घ्यावी की सीटवाल्याकडून करून घ्यावी?

तुमचं म्हणणं असं, की पुण्याहून गोव्याला निघालं की कोल्हापूर यायच्या आतच बूड बधिर होतं. उंची ५ फूट ५ इंच, मागे बायको असते, आणि ॲक्सेसरीजच्या दुकानात 'जेल टाका, सोफ्यासारखी होईल' असा सल्ला मिळालाय. जेलचं (फोममध्ये घालायच्या लिबलिबीत पॅडचं) काय करायचं ते पुढे बघू. पण सोफ्यासारखी सीट अजिबात करून घेऊ नका. सोफ्यावर आपण सारखी कूस बदलत असतो. गाडीवर एकदा बसलं की तासन्‌तास त्याच जागी, तेही गुडघे वाकवून आणि खालून हादरे खात.

खर्चाआधी नेमकं कुठे दुखतं ते बघा. बुडाच्या दोन बाजूंना, बोट ठेवून दाखवता येतील अशा दोन जागी दुखत असेल तर ती बैठकीची हाडं. हे दुखणं सीटचं, आणि सीट बदलून ते खरंच कमी होतं. माकडहाडाशी दुखत असेल तर तुम्ही पोक काढून बसताय. तिथे हँडल जरा जवळ किंवा वर घेतल्याने जास्त फरक पडेल. मांडीच्या आतून काचत असेल तर सीटची कड टोकदार आहे. दर ब्रेकला पुढे घसरून टाकीला चिकटत असाल तर सीटला पुढे उतार आहे, आणि त्यावर कितीही महागडा फोम घाला, घसरणं थांबणार नाही. हादरा थेट कण्यात जात असेल तर आधी मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) तपासा. जोडीदार आणि सामान घेऊन निघताना तो वाढवायचा असतो. बरेच लोक शोरूममधून आली तशीच गाडी दामटतात आणि खापर सीटवर फोडतात.

आता मऊपणाचं. मऊ फोमवर दुकानात बसलं की 'वा!' असं तोंडातून निघतंच. तासाभराने तोच फोम दबून चपटा होतो आणि हाड खालच्या प्लास्टिकच्या बेसपर्यंत पोचतं. त्यात जे वजन हाडांनी पेलायचं ते आजूबाजूच्या मांसावर येतं, रक्त नीट फिरत नाही आणि मुंग्या येतात. तुमचं बधिर होणं बहुधा याच जातीचं आहे.

सीटवाले ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी असं बोलतात. हा आकडा म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, किती कडक आहे याचा नाही. चाळीसचा फोमही लोण्यासारखा मऊ असू शकतो. म्हणून आकड्याच्या नादी न लागता फोमचा तुकडा मागून घ्या, फरशीवर ठेवा आणि त्यावर एक गुडघा टेकून सगळं वजन द्या. फरशी लागली की तो तुकडा परत करा. सीटला साधारण असे थर बरे पडतात: खाली रिबॉन्डेड (फोमचा चुरा दाबून केलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा असतो तो), त्यावर एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबल्यावर पटकन उसळून येणारा) फोम, आणि अगदी वर मऊ थर, तोही बोटाच्या जाडीपेक्षा कमी.

मेमरी फोम तापमानाप्रमाणे वागतो. थंडीत कडक, उन्हात ढिला. पुढेमागे लडाखला जायचं मनात असेल तर तिथल्या पहाटे तो पाटासारखा लागेल. जेलने दाब पसरतो हे खरं, पण मे महिन्यात गाडी धाब्याबाहेर अर्धा तास उन्हात राहिली की ते तापतं आणि लवकर निवत नाही. घेतलंच तर फोमच्या आत, वर पातळ थर ठेवून बसवून घ्या, आणि गाडी लावली की सीटवर जॅकेट टाकायची सवय लावा.

खरं सुख फोमपेक्षा आकारात आहे, आणि इथे तुमच्या उंचीचा प्रश्न येतो. तुमच्या गाडीची सीट ८२५ मिमीवर असते, ती ८४५ वर उचलता येते, आणि ८०५ ची कमी उंचीची सीट कंपनीच देते. ५ फूट ५ ला ८२५ म्हणजे जेमतेम. त्यावर इंचभर फोम चढवला तर चढावर गाडी थांबवताना पाय शोधायची वेळ येईल. पुढचा भाग रुंद केला तर उंची न वाढताही पाय कमी पोचतात, कारण मांड्या फाकतात. तेव्हा टाकीजवळ सीट अरुंदच राहू द्या, रुंदी मागे, जिथे हाडं टेकतात तिथे वाढवा. उतार काढताना पुढे भर घालण्यापेक्षा मागून थोडा फोम कापून बैठक सपाट करणं तुम्हाला सोयीचं. फक्त कापल्यावर खाली पुरेसा फोम उरतोय ना, हे गुडघ्याने तपासा.

रुंदी किती हवी हे घरीच कळतं. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा टणक स्टुलावर ठेवा, पातळ पँटवर मिनिटभर बसा, पाय जरा वर उचला आणि उठा. पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. साधारण १० ते १५ सेंमीच्या दरम्यान येतं. सीटचा सपाट भाग त्याहून दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त हवा. हाड कडेच्या उतारावर आलं की सगळं मुसळ केरात.

तयार सीटचा मोठा फायदा असा, की तिचा बेस वेगळा असतो. मूळ सीट जशीच्या तशी घरात राहते, गाडी विकताना परत चढवता येते. पण ती सरासरी माणसासाठी बनवलेली असते, आणि आपण उंचीने सरासरीच्या खालच्या बाजूला असलो की तीच रुंद सीट डोक्याला ताप होते. घ्यायचीच तर तुमच्याच मॉडेलवर ती लावलेल्या कुणाच्या तरी गाडीवर बसून बघा, आणि सीट खालीवर करायची सोय तिच्यात शिल्लक आहे का ते विचारा.

तुमच्या बाबतीत मी सीटवाल्याच्या बाजूने आहे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत करोल बाग. काम करणारे हात सगळीकडे आहेत, बघायचं ते काम करायची पद्धत. नुसती सीट ठेवून 'संध्याकाळी या' म्हणणाऱ्याकडे देऊ नका. चांगला कारीगर तुम्हाला गाडीवर बसवतो, खडूने खुणा करतो, फोम घासून आकार देतो आणि रेक्झिन ओढायच्या आधी पुन्हा बसवतो. त्याच वेळी नुसत्या फोमवर प्लास्टिक गुंडाळून एक चक्कर मारून या. जाताना रायडिंगची पँट आणि बूट घालून जा, चपलेवर घेतलेलं माप फसतं. आणि मूळ सीट कापायला देऊ नका. जुनी सीट किंवा सुटा बेस मिळवा आणि तो द्या.

रेक्झिन निवडताना शिलाई कुठे येते ते बघा. डायमंड शिलाई फोटोत देखणी दिसते, पण सुईचं प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला वाट. कोकणातल्या पावसात फोम एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही, आणि प्रत्येक वेळी बसलं की पँट ओली. बुडाखाली शिलाई नकोच, ती कडेला घ्यायला लावा. रेक्झिन आणि फोमच्या मध्ये प्लास्टिकचा कागद घालायला सांगा. स्टेपल गंजणारी नकोत, आणि बेसच्या जाडीपेक्षा लांब तर मुळीच नकोत.

बसवताना लोक घाई करतात. सीटचं वजन बेसखालच्या रबरांनी चेसीवर द्यायचं असतं, लॉकने नाही. लॉकचं काम फक्त धरून ठेवायचं. तपासायला सोपं आहे: प्रत्येक रबराखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवा, सीट लॉक करा, कुणाला तरी वर बसवा आणि पट्ट्या ओढा. एखादी अलगद सुटून आली तर ते रबर टेकलेलंच नाही, आणि तिथलं वजन लॉकच्या पिनेवर किंवा पुढच्या जिभेवर जातंय. काही महिन्यांत तिथेच बेसला तडा जातो. रबराखाली पातळ पॅकिंग देऊन हे भागतं. सीट बंद करायला थापा माराव्या लागत असतील तर लॉक वाकवू नका, खाली एखादी वायर किंवा टूलकिट अडकलंय का बघा. दबलेली वायर पुढे फ्यूज उडवते, आणि तो नेमका रात्री घाटात उडतो.

बायकोच्या सीटचं स्वतंत्र बघा. तिची सीट तुमच्याइतकीच उचलली नाही तर तिला तुमचं हेल्मेट सोडून काही दिसणार नाही, आणि फार उचलली तर फूटरेस्ट लांब पडून पाय लोंबकळतील. शिवाय ती मागच्या चाकाच्या जवळ बसते, हादरे तिला जास्त. तिलाही दुकानात घेऊन जा आणि दोघं एकदम बसून बघा.

सीट होईपर्यंत हवेची गादी वापरून बघायला हरकत नाही. तिच्यात हवा कमीच ठेवायची. तुम्ही बसल्यावर बूड आणि सीट यांत बोटाच्या जाडीएवढं अंतर राहिलं म्हणजे बरोबर. फुगा करून बसलात तर वळणावर डुलाल. पँटच्या आत जाड शिवणीची अंतर्वस्त्रं टाळा. २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किमी मारायच्या 'सॅडलसोर' या आव्हानातले स्वारही या बारीकसारीक गोष्टींना फार जपतात, आणि सपाट रस्त्यावरही मधूनमधून फूटरेस्टवर उभे राहतात. त्याला पैसे पडत नाहीत.

नवा फोम बसायला थोडं अंतर जावं लागतं, म्हणून सीट हातात आली की थेट गोवा गाठू नका. आधी वाई-महाबळेश्वरपर्यंत जोडीने जाऊन या, कुठे टोचलं ते लक्षात ठेवा आणि परत जाऊन तेवढाच भाग घासून घ्या. दुसऱ्यांदा रेक्झिन उघडायचे पैसे कुणी द्यायचे, हे मात्र काम टाकतानाच ठरवून घ्या.