स्टाफरूम भरलेली, पण विचारू कुणाला?

प्रश्न : मी पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. नोकरीला दोन वर्षं झाली. विभागात मी एकटीच. आठवड्याला २६ लेक्चर्स, शिवाय नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) वर्गात १२० मुलं. दहा मिनिटांत मागचे बाक मोबाइलमध्ये बुडतात. हे स्टाफरूममध्ये बोलले तर 'हिला वर्ग सांभाळता येत नाही' असं होईल. रविवारी रात्री झोप लागत नाही. आम्हा प्राध्यापकांना आधार कुठे मिळतो?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी ३१ वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यातली बरीच एकटीच्या विभागात. पेपर काढताना 'हा प्रश्न बरा वाटतो का?' एवढं विचारायलाही शेजारी कुणी नसतं.

स्टाफरूममध्ये गप्प बसता, यात तुमची चूक नाही. सोबत कॉलेजबाहेर शोधा, आपल्याच विषयाची. मला ती पेपर तपासणीच्या केंद्रावर भेटली. मागणीच्या लवचीकतेवर माझ्या गठ्ठ्यात जे चुकीचं उत्तर पुन्हापुन्हा येत होतं, तेच शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या गठ्ठ्यातही होतं. तिथून बोलणं सुरू झालं. त्या वसईच्या, मी मुलुंडची; म्हणून दोघींना सोयीचं दादर ठरलं. महिन्यातला एक शनिवार. पुढे तिसरी आली. प्रत्येकीने आपला फसलेला एक तास जसा झाला तसा सांगायचा, बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला शेवटी. आणि तिथलं बोलणं तिथेच राहायचं.

एकदा प्राचार्यांची परवानगी काढून वसईच्या बाई माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच फळ्याकडे वळून उत्तरही देऊन टाकता." पंधरा वर्षं शिकवत होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारून मनात दहापर्यंत आकडे मोजू लागले. सात-आठ होईतो कुणीतरी तोंड उघडायचं.

२६ लेक्चर्सचं मात्र मैत्रिणींपाशी बोलून भागणार नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास अध्यापन धरलं आहे. लेक्चर ४८ मिनिटांचं धरलं तरी तुमचे जवळजवळ २१ तास होतात. वेळापत्रकाची प्रत घेऊन बुक्टूकडे जा. ही आपली, मुंबईतल्या प्राध्यापकांची संघटना आहे.

झोपेचं अंगावर काढू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांनाही भेटा.

रिफ्रेशर कोर्सला किंवा पेपर तपासणीला ओळख झालेली समाजशास्त्राची कुणी असेल, तर तिला याच आठवड्यात फोन करा. तिचाही एफवायचा वर्ग असेलच. तो कसा चाललाय, तिथूनच बोलायला लागा.