डी अँझा कॉलेज आणि क्वार्टरचे गणित

मुलाला कॅलिफोर्नियातील क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) दोन वर्षे शिकवून मग विद्यापीठात पाठवावे का, की ते "कुठेच प्रवेश न मिळालेल्यांचे" कॉलेज आहे, असे आपण विचारले आहे. आपल्याकडील हा समज बराच जुना आहे आणि माझ्या मते चुकीचा आहे.

कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनने, म्हणजे उच्च शिक्षणाच्या आराखड्याने, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी शाळेतून बाहेर पडणारे वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीसाठी वरचे एकतृतीयांश विद्यार्थी ठरवले, कम्युनिटी कॉलेजांची दारे सर्वांना उघडी ठेवली आणि तेथून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाण्याची वाट आखून दिली. जवळच्याच फूटहिल या कम्युनिटी कॉलेजचे धाकटे भावंड असलेले डी अँझा त्याच दशकात, १९६७ मध्ये, सुरू झाले. जागा होती एका जुन्या द्राक्षमळ्याची. चार्ल्स बाल्डविन यांनी १८९० च्या दशकात बांधलेला बंगला आजही आवारात उभा असून त्यात कॅलिफोर्निया इतिहास केंद्र आहे. (२४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलचा मॅकिन्टॉश संगणक जगापुढे आला, तो याच आवारातील फ्लिंट सेंटरच्या रंगमंचावर. ते सभागृह २०१९ मध्ये बंद झाले.)

येथे नर्सिंग, मोटारदुरुस्ती, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे) मशीनिंग असे थेट नोकरीकडे नेणारे अभ्यासक्रमही आहेत, परंतु आपला प्रश्न ट्रान्स्फरचा, म्हणजे येथून विद्यापीठात जाण्याचा, आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची सहा विद्यापीठे अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही तीन त्यात नाहीत, आणि जेथे हमी आहे तेथेही काही विषय वगळलेले असतात. संगणकशास्त्राबाबत हे आधी तपासावे.

खरी अडचण वेगळीच असते. डी अँझा क्वार्टर पद्धतीने चालते, म्हणजे परीक्षेसह साधारण बारा आठवड्यांत विषय संपतो आणि दुसऱ्याच आठवड्यात मागे पडलेल्याला सावरायला वेळ उरत नाही. कॅल्क्युलस येथे १ए, १बी, १सी, १डी अशा चार क्वार्टरमध्ये शिकवतात, तर सेमिस्टरच्या कॉलेजात तेच सहसा तीन भागांत बसवलेले असते. माझा भाचा १बी नंतर वेळ जुळत नाही म्हणून जवळच्या एका सेमिस्टरच्या कॉलेजात गेला. तेथे त्याला काही धडे पुन्हा करावे लागले आणि काही मधल्यामध्ये राहून गेले. त्यामुळे एकदा धरलेली मालिका तेथेच पूर्ण करावी, आणि बदलणे भागच पडले तर फूटहिल बरे, कारण तेही क्वार्टरवर चालते. क्रेडिट (अभ्यास मोजण्याची एकके) मोजतानाही सेमिस्टरची ६० म्हणजे क्वार्टरची ९०, हे ध्यानात असू द्यावे.

पहिल्या क्वार्टरच्या नोंदणीआधीच कॉलेजातील काउन्सेलरची (विषयनिवडीच्या सल्लागाराची) वेळ घ्या आणि कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो, हे 'असिस्ट' या राज्याच्या संकेतस्थळावर मुलालाच शोधायला लावा.