ओठ शिवला, टाळू शिवली, मग आता पुन्हा कशाला बोलावता?

ती दिंडोरी तालुक्यातून सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती. अडीच वर्षांचा मुलगा खांद्यावर झोपलेला, हातातल्या पिशवीत तीन वेगवेगळ्या फायली. खुर्चीत नीट टेकलीही नव्हती तोच म्हणाली, "ताई, खरं सांगा. डॉक्टरांचं काही चुकलंय का? ओठ शिवला, टाळू शिवली. आता कानवाले डॉक्टर, दातवाले डॉक्टर, बोलायला शिकवणाऱ्या बाई... हे सगळं कशाला? म्हणजे ऑपरेशन फसलं ना?"

दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांच्या टीमबरोबर मी नाशिकमध्ये समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. जवळपास प्रत्येक घराला वाटतं की पुन्हा बोलावलं म्हणजे आधीचं बिघडलं. पुष्कळ कुटुंबं ओठाच्या ऑपरेशननंतर दिसेनाशी होतात. चेहरा छान दिसायला लागतो, बारशाचा राहिलेला फोटो काढला जातो, आणि संपलं असं वाटतं. माझ्या मते खरी काळजी तिथूनच घ्यायला हवी, म्हणून ही एक गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

या बाळाच्या जन्मानंतरच एक घोळ झाला होता आणि त्यात आमचीही चूक होती. आमच्यातल्याच कुणीतरी घाईघाईत सांगितलं, "ओठाबरोबर टाळूलाही फट आहे." आजीने ते ऐकलं आणि बाळाचं डोकं जपायला सुरुवात केली. टाळू म्हणजे जिथे तेल भरतात ती! दोन आठवडे कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही, आणि तोंडात आत कुणी पाहिलं नाही. दूध नाकातून येत होतं, बाळ दोन घोटांत दमून झोपत होतं, वजन जागचं हलत नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी आईवडिलांना स्वतःच्या जिभेचं टोक वर लावायला सांगते. "जीभ जिथे लागली, ते छत. ते बाळाच्या तोंडात मधोमध उघडं आहे." मग सगळं उलगडतं. छत उघडं असलं की तोंडात ओढ तयार होत नाही, म्हणून बाळाला अंगावर ओढून पिता येत नाही. या आजीने माळ्यावरचं बोंडलं काढलं, उकळून घेतलं, आणि आईचं काढलेलं दूध बाळाला उभं धरून थोडं थोडं पाजलं, मध्ये मध्ये ढेकर काढून. वजन वाढलं ते आजीमुळे. ओठाच्या ऑपरेशनसाठी सर्जन जुना दहाचा नियम सांगतात: वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. तिथवर मूल पोचवणं हे घरातल्या बायकांचं काम असतं, आणि त्याची नोंद कुठल्याच फाईलमध्ये होत नाही.

आई मात्र वेगळंच ओझं वाहत होती. सातव्या महिन्यात ग्रहणात तिने भाजी चिरली होती आणि अडीच वर्षं ते कुणाला बोलली नव्हती. मी तिच्याच बोटांवर महिने मोजले. ओठ जुळतो सहाव्या-सातव्या आठवड्यात, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. तुझी भाजी चिरून झाली तेव्हा बाळाचा चेहरा कधीचाच तयार होता. आणि ग्रहण दुसऱ्या महिन्यात आलं असतं तरी सावलीने ओठ फाटत नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. जगात साधारण सातशे बाळांमागे एका बाळाला हे होतं, जिथे ग्रहण कुणी पाळत नाही तिथेही. ती बराच वेळ रडली. मी घाई केली नाही.

मग तिचा मूळ प्रश्न. मी म्हटलं, पुढच्या वेळी बाळाच्या बाबांना घेऊन ये. ते येत नव्हते, त्याचं कारण तिने हळूच सांगितलं: मुलगा त्यांना "मामा" म्हणतो आणि द्राक्षाच्या बागेवर सोबतचे लोक त्यावरून हसतात.

ते आले. आमच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी छोटा आरसा घेतला, वडिलांच्या नाकाखाली धरला. "मामा म्हणा." आरशावर वाफ आली. "बाबा म्हणा." आरसा स्वच्छ. मग मुलाची पाळी. तो हसत "बाबा" म्हणाला, ऐकू "मामा" आलं, आणि आरसा धुरकटला. ब आणि म, दोन्हीला ओठ मिटतात. फरक इतकाच की ब म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून नाकाची वाट बंद करतो. याची वाट पूर्ण बंद होत नव्हती. मूल बाबाच म्हणत होतं, हवा नाकातून निसटत होती. वडिलांनी आरसा हातात घेतला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

टाळू शिवली तरी ती पुरेशी हलते की नाही, हे मूल बोलायला लागल्यावरच कळतं. काहींना फक्त थेरपी पुरते, काहींना आणखी एक ऑपरेशन लागतं. कानाचंही तसंच. टाळूचेच स्नायू कानाची आतली नळी उघडतात. ते कमजोर असले की पडद्यामागे पाणी साचतं, आणि मुलाला आवाज असे येतात जसे रामकुंडात बुडी मारल्यावर काठावरचे येतात. नीट ऐकू आलं नाही तर नीट बोलणार कसं? म्हणून कानवाले डॉक्टर. हिरडीतली हाडाची फट भरायची ती सुळा येण्याआधी, साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, कारण सुळ्याला उतरायला हाड लागतं. जबड्याचं काही करावं लागलंच तर वाढ पूर्ण झाल्यावर. चेहरा वाढतच असतो, म्हणून कामं त्याच्या वेळेने करावी लागतात. एका माणसाला हे सगळं झेपत नाही, हे अमेरिकेत लँकेस्टरला डॉ. हर्बर्ट कूपर यांनी ओळखलं आणि १९३८ मध्ये वेगवेगळे तज्ज्ञ एका छताखाली आणले. ते स्वतः दात सरळ करणारे डॉक्टर होते.

वडील म्हणाले, "म्हणजे द्राक्षाची एप्रिलला खरड छाटणी केली, ऑक्टोबरला गोडी छाटणी. दुसरी केली म्हणून पहिली चुकली असं नाही." मी ते वाक्य तेव्हापासून इतर घरांतही सांगते.

पण त्या तीन फायलींचं काय? त्या आमच्या चुकीमुळे झाल्या होत्या. कान, दात, वाणी, प्रत्येकाने आपापली तारीख दिली होती. महिन्यात चार फेऱ्या, दर फेरीला दोघांचा रोज बुडणार, वर एसटीचं भाडं. वरून आम्हीच म्हणणार, पालक येत नाहीत! मी टीमच्या बैठकीत तिच्या तारखांचा कागद ठेवला. आता या मुलाची एकच फाईल आहे, सगळे एका सकाळी त्याला पाहतात आणि पहिल्या पानावर अठरा वर्षांपर्यंत काय, कधी करावं लागेल याचा अंदाज लिहिला आहे. हे पान आम्ही जन्मानंतरच्या पहिल्या भेटीत द्यायला हवं होतं. नव्याने येणाऱ्या घरांना आता तेव्हाच देतो.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या तपासणी पथकालाही हे मूल दाखवत राहा, असं सांगितलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे, आणि तिथून पुढे जिल्हा पातळीवर पाठवण्याची सोय आहे.

मुलगा आता ब बराच स्पष्ट म्हणतो. क अजून जमत नाही, घशातून झटका देऊन काढतो, त्यावर काम चालू आहे. पडद्यामागे पाणी साचू नये म्हणून कानात छोटी नळी बसवली आहे. मागच्या भेटीत निघताना वडील दारातून परत आले आणि म्हणाले, "ताई, पुढची तारीख ऑक्टोबरात नको. छाटणी असते." आम्ही सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लिहिला.