नोंद पुसली, फाईल राहिली

प्रश्न : आमच्या दस्तऐवज-प्रणालीत स्कॅन केलेल्या पीडीएफ फाईली पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘लार्ज ऑब्जेक्ट’ (टेबलाबाहेर स्वतंत्रपणे साठवलेला मोठा मजकूर) म्हणून ठेवल्या आहेत. मुदत संपलेल्या जवळजवळ निम्म्या नोंदी आम्ही डिलीट केल्या, नंतर व्हॅक्यूम (पुसलेल्या ओळींची जागा मोकळी करणारी आज्ञा) हेही चालवले; परंतु डेटाबेसचा आकार तसूभरही कमी झाला नाही. असे का झाले असावे? या फाईली बाइट-ए प्रकारच्या, म्हणजे फाईलचा मजकूर थेट टेबलातच ठेवणाऱ्या, कॉलममध्ये हलवाव्यात का?

उत्तर : आपण डिलीट केल्या त्या नोंदी, फाईली अजून जागच्या जागी आहेत. लार्ज ऑब्जेक्ट वापरताना आपल्या टेबलात फाईल नसतेच, असतो तो केवळ तिचा क्रमांक, म्हणजे ओआयडी. प्रत्यक्ष मजकूर ‘पीजी_लार्जऑब्जेक्ट’ या एकाच सिस्टिम टेबलात साधारणतः 2 केबीच्या तुकड्यांत साठवलेला असतो; म्हणजे 3 एमबीची एक पीडीएफ तेथे सुमारे दीड हजार ओळी अडवते. ओआयडीचा कॉलम आणि ते तुकडे यांच्यात फॉरेन कीसारखे (दोन टेबलांतील नोंदी एकमेकींना बांधणारे) कोणतेही नाते नसल्यामुळे, ‘एलओ_अनलिंक’ हे ऑब्जेक्ट पुसणारे फंक्शन कोणी स्वतंत्रपणे बोलावले नाही तर नोंद जाते आणि फाईल बेवारस पडून राहते.

अशा बेवारस फाईली काढण्यासाठी पोस्टग्रेससोबत ‘व्हॅक्यूमएलओ’ ही उपयुक्तिका मिळते. ती सर्व ऑब्जेक्टच्या क्रमांकांची यादी करते, डेटाबेसमधील ओआयडी आणि एलओ (ओआयडीचेच दुसरे रूप) प्रकारच्या प्रत्येक कॉलममध्ये सापडलेले क्रमांक त्या यादीतून वगळते आणि उरलेले ऑब्जेक्ट पुसून टाकते. मेख नेमकी येथेच आहे. क्रमांक जर बिगइंट (साधी मोठी संख्या) किंवा टेक्स्ट (साधा मजकूर) कॉलममध्ये लिहिलेले असतील, तर ते तिला दिसतच नाहीत आणि वापरात असलेल्या फाईलीही बेवारस समजून पुसल्या जातात. जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या हायबरनेटमधून टेबले तयार झालेल्या जुन्या प्रणालींत, ‘लॉब’ (मोठा मजकूर) अशी खूण केलेल्या मजकुराचा क्रमांक टेक्स्ट कॉलममध्ये बसलेला अनेकदा आढळतो. अशा ठिकाणी ही उपयुक्तिका चालवणे म्हणजे स्वतःच्या हाताने दप्तर जाळणे होय. म्हणून प्रथम कॉलमचे प्रकार तपासावेत, बॅकअप घ्यावा आणि ‘-एन’ हा पर्याय देऊन, काहीही न पुसता, किती ऑब्जेक्ट जातील तो आकडा पाहावा. आपण डिलीट केलेल्या नोंदींच्या संख्येशी तो जुळत नसेल, तर पुढे जाऊ नये.

सफाईनंतरही डिस्कवरील आकार बहुधा लगेच उतरणार नाही, कारण साधे व्हॅक्यूम मोकळी झालेली जागा नव्या फाईलींसाठी राखून ठेवते. ती ऑपरेटिंग सिस्टिमला परत हवी असेल तर त्या सिस्टिम टेबलावर व्हॅक्यूम फुल (टेबल नव्याने लिहून काढणारे व्हॅक्यूम) चालवावे लागते. त्या काळात टेबल पूर्णपणे कुलूपबंद राहते आणि नव्या प्रतीपुरती जादा जागाही लागते. नव्या फाईली रोज येतच असतील तर हा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे.

पुन्हा हीच वेळ येऊ नये यासाठी ‘एलओ’ या एक्स्टेंशनमधील (जोड-भागातील) ‘एलओ_मॅनेज’ हा ट्रिगर, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणारे फंक्शन, लावता येतो. नोंद डिलीट झाली किंवा तिच्यातील क्रमांक बदलला की तो जुना ऑब्जेक्ट पुसतो; मात्र ट्रंकेट (टेबल एकदम रिकामे करणे) किंवा ड्रॉप टेबल (टेबलच काढून टाकणे) केल्यास तो चालत नाही.

आता बाइट-एविषयी. त्याची मर्यादा 1 जीबी आहे आणि मूल्य सहसा संपूर्णच मेमरीत येते, त्यामुळे लांबलचक चित्रफितींसाठी तो योग्य नाही. तेथे हव्या त्या बिंदूपासून वाचता येणारे लार्ज ऑब्जेक्ट, किंवा डेटाबेसबाहेरील फाईल आणि आत तिचा पत्ता, हेच बरे. आपल्या काही एमबींच्या पीडीएफ मात्र मी बाइट-एमध्येच ठेवीन, कारण तेथे नोंदीबरोबर फाईलही जाते. ‘एलओ_गेट’ हे फंक्शन ऑब्जेक्टचा मजकूर बाइट-ए म्हणून देते. त्याच्या साहाय्याने काही शे नोंदींच्या टप्प्यांत फाईली हलवाव्यात आणि पडताळणी झाल्यावरच जुने ऑब्जेक्ट अनलिंक करावेत.

प्रश्न : पीजी_डंप या बॅकअप घेणाऱ्या साधनाला ‘-टी’ (लहान t) देऊन एकाच टेबलाचा बॅकअप घेतला. दुसऱ्या सर्व्हरवर नोंदी दिसतात, पण फाईल उघडताना तो लार्ज ऑब्जेक्ट अस्तित्वात नसल्याची त्रुटी येते.

उत्तर : संपूर्ण डेटाबेसच्या डंपमध्ये लार्ज ऑब्जेक्ट आपोआप येतात, टेबल किंवा स्कीमा (टेबलांचा गट) निवडताच ते वगळले जातात. सोबत ‘-बी’ (लहान b) द्यावे. त्यामुळे त्या टेबलाचेच नव्हे, तर डेटाबेसमधील सगळेच ऑब्जेक्ट येतील, तेव्हा डिस्कवर तेवढी जागा आधी पाहून ठेवावी.